फायलीतली माणसे, अल्बममधली माणसे

नाझी राजवटीने ज्यांचा छळ केला त्या कुटुंबांचे जे फोटो आणि कागद आज पाहायला मिळतात, ते दोन निरनिराळ्या हातांनी जमवलेले आहेत. लग्नाचे, बाळाच्या वाढदिवसाचे, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचे फोटो, पत्रे, शाळेची प्रगतिपुस्तके, पहिल्या महायुद्धातल्या नोकरीचे दाखले हे कुटुंबांनी स्वतः जपले. ओळखपत्रे, वंशाच्या नोंदी, मालमत्तेचे अर्ज, हद्दपारीच्या याद्या आणि कैद्यांचे फोटो हे सरकारने त्याच कुटुंबांविषयी तयार केले. सरकारी कागद अधिक टिकले. घरच्या कागदांपैकी जे वाचले, त्यांतले बहुतेक एकाच कारणाने वाचले: कुटुंबावर घाला पडण्याआधीच ते घरातून दुसरीकडे गेले होते.

ही वाट नाझी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी पडली होती. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत गेले. मागे राहिलेल्या आईवडिलांना नातवंडांची आणि तिकडे गेलेल्या भावाबहिणींना घरच्यांची खबर कळावी म्हणून फोटो पाठवण्याची रीत पडली. पोलंड आणि लिथुआनियातल्या लहान गावांतही फोटो स्टुडिओ निघाले. रंगवलेला पडदा, एक खुर्ची आणि सणाचे कपडे एवढ्यावर फोटो होई. तो पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर छापला जाई, पाठीवर यिडिश किंवा पोलिश भाषेत दोन ओळी लिहिल्या जात आणि तो न्यूयॉर्कला, ब्युनोस आयर्सला किंवा पॅलेस्टाइनला रवाना होई. जर्मनीत मध्यमवर्गीय घरांत स्वतःचा कॅमेरा आला. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, १९३२ मध्ये आग्फा कंपनीने साधा पेटी-कॅमेरा अवघ्या ४ मार्कांत विकला. त्यामुळे १९३० च्या सुमारास जर्मनीतल्या ज्यू कुटुंबांचे अल्बम तिथल्या इतर अल्बमसारखेच दिसतात. डोंगरातली सुट्टी, नवी सायकल, शाळेच्या पहिल्या दिवशी हातात मिठाईचा उंच कागदी शंकू धरलेले मूल. हे साम्य महत्त्वाचे आहे. ही माणसे समाजापासून वेगळी राहत होती, हा नाझींचा दावा त्या अल्बमचे प्रत्येक पान खोडून काढते.

लिथुआनियातले एशिशोक हे गाव या संदर्भात जगभर माहीत झाले. तिथे यित्झाक उरी कात्स आणि त्यांच्या पत्नी आल्ते कात्स फोटो स्टुडिओ चालवत. गावातल्या माणसांचे आयुष्यातले मोठे प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्यातून गेले. २५ आणि २६ सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत एशिशोक आणि आसपासचे सुमारे ३,५०० ज्यू गावाबाहेर नेऊन गोळ्या घालून मारले गेले. पहिल्या दिवशी पुरुष, दुसऱ्या दिवशी स्त्रिया आणि मुले. कात्स दांपत्याची नात याफा एलियाख लहानपणी त्यातून वाचली आणि पुढे अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली. तिने अनेक वर्षे खपून देशोदेशी विखुरलेल्या एशिशोकवासीयांच्या नातेवाइकांकडून हजारो फोटो गोळा केले. त्यातले सुमारे एक हजार फोटो १९९३ मध्ये उघडलेल्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयात एका उंच मनोऱ्याच्या भिंतींवर लावले आहेत. पाहणारा त्यातून चालत जातो तेव्हा वरपासून खालपर्यंत गावच दिसते. त्यात बर्फावर घसरणारी मुले आहेत, नाटकमंडळी आहेत, नवरानवरी आहेत. एशिशोकचे फोटो एवढ्या संख्येने मिळाले, कारण गावातून परदेशी गेलेले लोक पुष्कळ होते. ज्या गावातून कोणी बाहेर गेलेच नव्हते, तिथल्या घरांचा एकही फोटो उरलेला नसणे शक्य आहे. उरलेले संग्रह पाहताना हा पक्षपात ध्यानात ठेवावा लागतो: ज्यांचे नातलग बाहेर होते त्यांचे चेहरे आपल्याला जास्त दिसतात, गरिबांचे आणि एकाकी माणसांचे कमी.

कागदांची गोष्ट १९३३ पासून बदलली. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना मात्र तेव्हापुरती सूट होती. जर्मन सैन्यात त्या युद्धात सुमारे एक लाख ज्यू होते आणि त्यांपैकी सुमारे १२,००० मारले गेले होते. ट्रंकेच्या तळाशी पडलेली लष्करी पुस्तिका, शौर्यपदकाचे पत्र, जखमी झाल्याचा दाखला हे सारे वर आले आणि पोटापाण्याचा आधार ठरले. ही सूट १९३५ मध्ये संपली. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व वंशाला बांधले. ज्याच्या चार आजीआजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू, तो ज्यू, अशी व्याख्या लवकरच नियमांतून आली. आजीआजोबांचा वंश ठरवायचा कसा, तर त्यांच्या धर्मावरून. आणि धर्म कळणार तो चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि सिनेगॉगच्या जन्मविवाहाच्या नोंदवह्यांतून. सगळा देश आजीआजोबांचे दाखले शोधू लागला. स्वतःचे ‘आर्यत्व’ सिद्ध करणारी वंशावळीची पुस्तिका दुकानात विकत मिळे आणि रकाने भरून तिच्यावर शिक्के घ्यावे लागत. तोवर प्रार्थनामंदिरापुरत्या असलेल्या नोंदवह्या छळाचे साधन बनल्या. युद्धाच्या अखेरीस वंशविषयक खात्याने ज्यू नोंदवह्यांचे चित्रफितीवर फोटो काढून घेतले. अनेक मूळ वह्या नष्ट झाल्या, त्या चित्रफिती उरल्या, आणि आज वंशजांना आपल्या पणजोबांची जन्मतारीख कित्येकदा त्यांच्यातच सापडते.

ज्यू माणसाची ओळख कागदावर कशी घडवली गेली, ते १९३८ सालात स्पष्ट दिसते. जुलैमध्ये नव्या ओळखपत्राचा हुकूम निघाला आणि ज्यूंनी ते वर्षअखेरपर्यंत काढणे सक्तीचे झाले. त्यावर ‘J’ हे अक्षर, दोन बोटांचे ठसे आणि डावा कान दिसेल असा फोटो. १७ ऑगस्टच्या हुकुमाने ज्यांची नावे सरकारी यादीतली ठळक ज्यू नावे नव्हती त्या पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावणे भाग पडले. ५ ऑक्टोबरला जर्मन ज्यूंचे पासपोर्ट रद्द झाले आणि लाल ‘J’ शिक्का मारूनच परत मिळू लागले. सीमेवर निर्वासित ओळखू यावेत, या स्वित्झर्लंडच्या आग्रहातून झालेल्या बोलण्यांचा या शिक्क्यात मोठा वाटा होता. एकाच स्त्रीचा १९३२ च्या सहलीतला फोटो आणि १९३९ च्या ओळखपत्रावरचा फोटो शेजारी ठेवले की सात वर्षांत राज्याने तिच्याशी काय केले ते कळते. केस मागे ओढलेले, चेहरा तिरपा, कान उघडा. पोलिसांच्या दफ्तरात गुन्हेगाराचा फोटो जसा घेतला जातो, त्याच पद्धतीचा.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारात सिनेगॉगे जाळली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत टाकण्यात आले. त्यानंतर देश सोडण्याची धडपड वाढली. त्यासाठी कागदांचा डोंगर उभा करावा लागे: कर थकीत नसल्याचा दाखला, देशत्यागाच्या कराची पावती, अमेरिकेतल्या नातेवाइकाचे हमीपत्र, व्हिसा, जहाजाचे तिकीट, सोबत न्यायच्या प्रत्येक वस्तूची यादी. एका कागदाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १०,००० मुले आईवडिलांशिवाय ब्रिटनला पाठवली गेली. त्यांच्या लहानशा पेटीत आईवडील फोटो ठेवत. अनेक कुटुंबांचा उरलेला संग्रह म्हणजे त्या पेटीत मावले तेवढेच.

काही पासपोर्ट मुंबईच्या बंदरातही उतरले. १९३४ मध्ये मुंबईत निर्वासितांच्या मदतीसाठी ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. येणाऱ्यांसाठी सरकारपुढे हमी देण्याचे काम ती करी. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्यांची ज्यू पत्नी यांचे घर पुढे मुंबईच्या तरुण चित्रकारांचा अड्डा झाले. मात्र सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पासपोर्टधारक ब्रिटिश हिंदुस्थानात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिटलरच्या राज्यातून पळून आलेल्या ज्यूंनाही अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थकांबरोबर डांबले गेले आणि छाननीनंतर टप्प्याटप्प्याने सोडले गेले. ज्या कागदावर बर्लिनने ‘हा आमचा नाही’ असा शिक्का मारला होता, तोच कागद इथे ‘हा त्यांचा आहे’ याचा पुरावा म्हणून वाचला गेला.

जे जर्मनीत अडकले त्यांचे अल्बम १९४१ च्या आसपास थांबतात, आणि त्यालाही कारण एक हुकूम आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना टंकलेखन यंत्रे, सायकली, दुर्बिणी आणि कॅमेरे सरकारजमा करायला सांगण्यात आले. म्हणजे त्यानंतर त्या माणसांचे जे फोटो निघाले ते जवळजवळ सगळे छळ करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातले आहेत. त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या हुकुमाने देशाबाहेर हद्दपार केलेल्या ज्यूंचे नागरिकत्व आपोआप रद्द झाले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. हद्दपारीपूर्वी प्रत्येकाला सोळा पानी मालमत्ता-अर्ज भरावा लागे. पलंग, चादरी, चमचे, कोट, सगळे मोजून लिहायचे आणि खाली सही करायची. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गच्या अशा हजारो फायली पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात आहेत; कित्येक माणसांचे हस्ताक्षर शेवटचे तिथेच सापडते. घरातले सामान नंतर लिलावात विकले जाई. अल्बम आणि पत्रे विकाऊ नव्हती, आणि ती जपायला त्या घरात कोणी उरले नव्हते. अखेरच्या रात्री शेजाऱ्याकडे किंवा जुन्या मोलकरणीकडे जी पिशवी सोपवली गेली, ती कधीकधी वाचली.

लपून राहिलेल्यांना तर आपले फोटो जवळ ठेवणेच धोक्याचे होते. खोट्या नावाने ख्रिस्ती कुटुंबात ठेवलेल्या मुलाच्या खिशात खऱ्या आईचा फोटो सापडला, तर मूल आणि ठेवून घेणारे दोघांचाही जीव जाऊ शकत होता. अनेकांनी असे फोटो स्वतःच्या हाताने फाडले. कागद नष्ट करणे हा बचावाचाही मार्ग होता. २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममध्ये प्रतिकारगटाच्या लोकांनी शहराच्या लोकसंख्या-नोंदणी कार्यालयाला आग लावली. हॉलंडमधली नोंदणी इतकी नेटकी होती की बनावट ओळखपत्र कार्यालयातल्या कार्डाशी ताडून पकडता येई. आगीत कार्डांचा काही भागच जळाला, आणि हल्ल्यात सामील असलेल्या बारा जणांना त्या जुलैमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कलावंत विलेम अरोंडेउस त्यांच्यापैकी एक.

काहींनी मात्र कागद जपण्यासाठीच जीव पणाला लावला. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी ‘ओनेग शब्बात’ नावाचा गुप्त गट उभारला. शिधापत्रिका, शाळेतल्या मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटे, मिठाईचे वेष्टन, हद्दपार होणाऱ्यांची पत्रे, गटाच्या सभासदांची मृत्युपत्रे, जे हाताला लागेल ते त्यांनी साठवले. भूक आणि रोगराई चालू असताना कोणती गोष्ट उद्या पुरावा ठरेल हे ओळखण्याची त्यांची समज विलक्षण होती. ऑगस्ट १९४२ मध्ये दहा धातूच्या पेट्या आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाचे दोन मोठे कॅन एका शाळेच्या तळघरात पुरले गेले. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम कुटुंबासह मारले गेले. पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये आणि कॅन डिसेंबर १९५० मध्ये खणून काढले गेले. पुरलेला तिसरा साठा मात्र सापडलेला नाही. मिळालेली सुमारे ३५,००० पाने आज वॉर्साच्या ज्यू ऐतिहासिक संस्थेत आहेत.

वूच घेट्टोत हेन्रिक रॉस यांची नेमणूक ओळखपत्रांसाठी फोटो काढायला झाली होती. मिळालेल्या फिल्मवर त्यांनी लपूनछपून घेट्टोचे जीवन टिपले आणि १९४४ मध्ये निगेटिव्ह जमिनीत पुरले. पाणी लागून निम्मे खराब झाले, सुमारे ३,००० वाचले. त्यांत उपासमार आहे, हद्दपारीची रांग आहे, आणि घेट्टोतल्या तुलनेने सुस्थितीतल्या घरांचे वाढदिवस आणि चुंबन घेणारी जोडपीही आहेत. ही दुसऱ्या प्रकारची चित्रे अनेक दशके फारशी पुढे आली नाहीत, कारण ती पाहणाऱ्याला अवघड वाटतात. त्यांना बाजूला ठेवणे योग्य नव्हते. मरणाच्या सावलीतल्या माणसांनीही आपल्या मुलांचे फोटो काढून घेतले, हे त्यांच्या आयुष्याचे सत्य आहे.

आउशविट्झमध्ये दोन्ही प्रकारचे फोटो एकाच आवारात साठले. गाडीतून उतरणाऱ्यांचे सामान ‘कॅनडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदामांत निवडले जाई. उपयोगाचे जर्मनीला, बाकीचे जाळायला. त्यातून वाचलेले सुमारे २,४०० कौटुंबिक फोटो छावणी मुक्त झाल्यानंतर मिळाले. त्यांतले बरेचसे बेन्जिन आणि सोस्नोव्हिएत्स या पोलिश गावांतल्या कुटुंबांचे आहेत. माणसांनी शेवटच्या प्रवासात सोबत काय न्यायचे हे ठरवताना बाळाचे फोटो निवडले होते. दुसरीकडे छावणीच्या ओळखविभागात कैदी-छायाचित्रकार विल्हेल्म ब्रासे नव्या कैद्यांचे तीन बाजूंनी फोटो काढत असे. जानेवारी १९४५ मध्ये ते जाळण्याचा हुकूम आला. ब्रासे आणि त्याच्या सहकाऱ्याने भट्टी अशी गच्च भरली की ती नीट पेटलीच नाही. त्यामुळे ३८,९१६ फोटो उरले. मात्र हे नोंद झालेल्या कैद्यांचे आहेत. फलाटावरून थेट गॅसकोठडीत नेलेल्यांचा असा फोटो कधी काढलाच गेला नाही.

फलाटावरच्या माणसांचे चेहरे एका वेगळ्या अल्बममुळे दिसतात. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या ताब्यातल्या प्रदेशातून आणलेल्या ज्यूंचे उतरणे, निवड आणि वाट पाहणे एसएस या नाझी दलाच्या छायाचित्रकारांनी टिपले होते. त्याच प्रदेशातली लिली याकोब ही तरुणी पुढे डोरा छावणीत मुक्त झाली आणि तिथल्या एसएसच्या बराकीत तिला तो अल्बम सापडला. त्यात तिला आपले धर्मगुरू, आजीआजोबा आणि दोन धाकटे भाऊ दिसले. मारणाऱ्यांनी आपल्या कामाची नोंद म्हणून जपलेला अल्बम त्या क्षणी एका कुटुंबाचा उरलेला एकमेव अल्बम झाला. १९८० मध्ये तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेला दिला. मारेकऱ्यांनी काढलेला फोटो कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मिळणे कठीण.

टिकलेला प्रत्येक कागद खरे बोलत नाही. १९४४ मध्ये हंगेरीहून आलेल्या काहींना मारण्यापूर्वी किंवा कामाला जुंपण्यापूर्वी ‘वाल्डझे’ या गावाच्या नावाने पोस्टकार्ड लिहायला लावले गेले: पोहोचलो, काम मिळाले, ठीक आहोत. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात ‘टी-४’ योजनेखाली सुमारे ७०,००० अपंग आणि मनोरुग्णांना गॅसने मारले गेले; त्यांच्या घरी न्यूमोनिया किंवा आतड्याचा दाह असे खोटे कारण लिहिलेला मृत्यूचा दाखला आणि सांत्वनपत्र गेले. रेड क्रॉसमार्फत जाणाऱ्या संदेशाला २५ शब्दांची मर्यादा होती, आणि सेन्सॉर वाचणार हे लिहिणाऱ्याला माहीत होते. ‘आम्ही लवकरच प्रवासाला निघतो आहोत’ अशा वाक्याचा अर्थ मिळणाऱ्याला कित्येकदा युद्धानंतर कळला.

‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या सिंती आणि रोमा लोकांच्या बाबतीत घरच्या संग्रहापेक्षा सरकारी संग्रहाचे पारडे फारच जड आहे. रॉबर्ट रिटर यांच्या वंशसंशोधन केंद्राने १९३६ पासून वस्त्यांवर जाऊन फोटो काढले, डोकी मोजली, वंशावळी लिहिल्या आणि सुमारे २४,००० अभिप्राय तयार केले. त्यांच्या आधारे माणसे छावण्यांत गेली. युद्धानंतर या फायली ‘संशोधनसामग्री’ म्हणून अभ्यासकांच्या हाती फिरत राहिल्या आणि वाचलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा त्यांना त्या पाहायलाही मिळत नव्हत्या. सप्टेंबर १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाचे अभिलेखागार अडवून धरले, तेव्हा त्यातला मोठा भाग राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला. समलिंगी म्हणून शिक्षा झालेल्यांचे घरगुती कागद याहूनही कमी आहेत. ज्या कलमाखाली त्यांना पकडले होते ते पश्चिम जर्मनीत युद्धानंतरही लागू राहिले, आणि कुटुंबांनी गप्प राहणे पसंत केले.

पश्चिम जर्मनीत भरपाईचा कायदा १९५६ मध्ये आकाराला आला, तेव्हा कागदांची गरज पुन्हा उलटी फिरली. ज्यांचे सगळे कागद हिसकावले होते त्यांनाच आपला छळ कागदाने सिद्ध करायचा होता. शाळेचा फोटो, ओळखपत्र, परत आलेला लिफाफा, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, जे असेल ते जोडले गेले. हरवलेल्यांच्या शोधासाठी मित्रराष्ट्रांनी बाड आरोल्सेन या जर्मन गावात केंद्र उभारले होते. तिथे सुमारे ३ कोटी दस्तऐवज जमले, पण संशोधकांना ते खुले व्हायला २००७ उजाडले. तिथे नॉयनगाम छावणीतून आलेले कैद्यांचे लिफाफेही आहेत: घड्याळ, अंगठी, पाकीट, प्रेयसीचा फोटो. मालक बहुतेक पोलंड आणि सोव्हिएत संघातले राजकीय कैदी आणि वेठबिगार. ज्यूंचे सामान आधीच लुटले गेले होते, त्यामुळे त्यांचे लिफाफे विरळाच. २०१६ पासून ही संस्था वारसांचा शोध घेऊन या वस्तू घरी पोहोचवते आहे.

नाव आणि चेहरा पुन्हा जोडण्याचे मोठे काम फ्रान्समध्ये सर्ज क्लार्सफेल्ड यांनी केले. १९७८ मध्ये त्यांनी हद्दपारीच्या याद्या छापल्या आणि पुढे फ्रान्समधून नेलेल्या ११,४०० हून अधिक मुलांपैकी सुमारे २,५०० मुलांचे फोटो नातलगांकडून मिळवून ग्रंथरूपाने दिले. बेल्जियममध्ये मेखेलेनच्या बराकींतून २५,००० हून अधिक ज्यू आणि रोमा हद्दपार झाले. तिथले बहुतेक ज्यू परदेशी नागरिक असल्याने परकीय-नोंदणी पोलिसांकडे त्यांचे फोटो होते. त्या फायलींतून बहुसंख्य हद्दपारांचे चेहरे मिळाले आणि ते आता तिथल्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत. याद वाशेममध्ये १९५० च्या दशकापासून मृतांच्या नातलगांकडून एकेका व्यक्तीसाठी साक्षीपत्र भरून घेतले जाते. नाव, आईवडील, गाव, व्यवसाय आणि कोपऱ्यात फोटोची जागा. मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंपैकी ४८ लाखांहून अधिक नावे तिथे नोंदली गेली आहेत. न मिळालेली नावे मुख्यतः युक्रेन, बेलारूस आणि पूर्वेकडच्या इतर भागांतली आहेत. तिथे माणसांना गाडीत बसवण्याआधी यादी करण्याची वेळच आली नाही. गावाच्या कडेलाच सगळे कुटुंब एकाच दिवशी मारले गेले, आणि साक्षीपत्र भरायला कोणी मागे राहिले नाही.